डुलणाऱ्या इम्पालाला ताळ्यावर आणताना

जुन्या अमेरिकी मोटारींचा विषय निघाला की मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर बहुधा पहिली येते ती शेवरोले इम्पाला. १९५८ साली बेल एअर मालिकेतील सर्वांत वरचे मॉडेल म्हणून ती बाजारात आली आणि १९६५ साली तर एकट्या अमेरिकेत वर्षभरात १० लाखांहून अधिक इम्पाला विकल्या गेल्या. जनरल मोटर्सच्या शिवडीतील कारखान्यात १९२८ पासून होणारी मोटारींची जुळणी १९५०च्या दशकातच थांबली होती. त्यामुळे आपल्याकडे दिसलेली प्रत्येक इम्पाला परदेशातून आलेली. त्यांपैकी ज्या उरल्या त्या आज हौशी संग्राहकांच्या ताब्यात आहेत. ही गाडी प्रथमच चालविणाऱ्याचा अनुभव मात्र सर्वत्र सारखाच असतो. ती देखणी आहे, आरामशीर आहे, पण वेग वाढला की नावेसारखी हेलकावे खाते आणि स्टिअरिंग चार बोटे फिरवूनही चाकांना त्याचा पत्ता नसतो.

या दुखण्यावर अमेरिकेत औषधांची मोठी बाजारपेठ आहे. कडक स्प्रिंग, जाड बार, जलद स्टिअरिंग बॉक्स, सारे काही तयार मिळते. अडचण मिळण्याची नाही, क्रमाची आहे. बहुतेक मालक सर्वांत शेवटी करावयाचे काम सर्वांत आधी करतात आणि नुसती डुलणारी गाडी धोकादायक करून ठेवतात. येथील विवेचन प्रामुख्याने १९६५ ते १९७० या वर्षांतील इम्पालाला लागू आहे; त्याआधीच्या गाड्यांची चासी इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकाराची होती आणि तिचे प्रश्न काहीसे निराळे आहेत.

मुळात हा मऊपणा म्हणजे कारागिरांची चूक नव्हे. १९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. सरळ, रुंद रस्त्यावर तासन् तास बसून जाणाऱ्या कुटुंबाला दिवाणखान्याचे सुख हवे होते. १९६५ ची इम्पाला सुमारे ५.४ मीटर लांब, तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर ३ मीटरहून अधिक आणि समोर बहुधा ओतीव लोखंडाचे जड व्ही-८ इंजिन. पुढे वर-खाली दोन आर्म आणि त्यांच्यामध्ये कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि तेथेही कॉइल स्प्रिंगच. ही मांडणी टाकाऊ मुळीच नव्हती. त्याचा पुरावा पुढे खुद्द कंपनीनेच दिला. १९७७ साली आकाराने लहान केलेल्या इम्पाला आणि कॅप्रिस या जोडगाड्यांत हीच मूळ कल्पना ठेवून केवळ जुळवणी सुधारली आणि कॅप्रिसला ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने त्या वर्षीची सर्वोत्तम मोटार ठरविले. १९९४ ते १९९६ मधील इम्पाला एसएस हीदेखील मागे अखंड अ‍ॅक्सल असलेलीच गाडी. तिने तर वेगवान मोटारींच्या शौकिनांनाही जिंकले. तेव्हा मूळ रचना बदलण्याची घाई नको.

आधी झीज, मग सुधारणा

साठ वर्षांच्या गाडीतील निम्म्याहून अधिक दोष हे आराखड्याचे नसून झिजेचे असतात, असे माझे मत आहे. ते शोधण्यासाठी यंत्र लागत नाही, दोन माणसे लागतात. गाडी सपाट जमिनीवर चाकांवरच उभी ठेवावी आणि पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवावे. एकाने स्टिअरिंग डावीउजवीकडे थोडे थोडे हलवावे, दुसऱ्याने बाजूने वाकून एकेक सांधा पाहावा. गिअर पार्किंगमध्ये किंवा न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना अडसर, हे पाळल्याशिवाय कोणी खाली वाकू नये. स्टिअरिंगचा दांडा जेथे बॉक्सला मिळतो तेथे रबर व कापडाची एक चकती असते. ती कुजली की प्ले येतो. पुढे टाय रॉडची टोके आणि आयडलर आर्म. चाके वळण्याऐवजी आयडलर आर्म आधी वरखाली होताना दिसला, तर अपराधी सापडला असे समजावे.

बॉल जॉइंटची परीक्षा निराळी आणि अधिक महत्त्वाची. या गाडीत स्प्रिंगचा सारा भार खालच्या आर्मवर येतो, म्हणजे वजन पेलतो तो खालचा बॉल जॉइंट. जॅक चासीखाली लावला तर स्प्रिंगचा ताण सांध्यावर कायम राहतो आणि ढिलाई लपते. जॅक खालच्या आर्मखाली, शक्य तितका चाकाजवळ लावावा आणि मग चाक हलवून पाहावे. हा सांधा निसटला तर धावत्या गाडीचे चाक आडवे पडते. बाकीची कामे पुढे ढकलता येतात. हे ढकलता येत नाही.

रबरी बुश बदलताना गॅरेजमध्ये नेमकी एक गफलत होते. गाडी उचललेली असताना, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट आवळून टाकले जातात. गाडी खाली उतरली की ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. शेवटचा आवळा गाडी आपल्या वजनावर उभी राहिल्यावरच द्यायचा. सध्या पॉलियुरेथेनचे बुश लोकप्रिय आहेत. पुढच्या आर्मसाठी ते चालतात, वंगण नीट नसेल तर कुरकुरतात. मागच्या अ‍ॅक्सलच्या दांड्यांना मात्र थोडे पिळवटण्याची मोकळीक लागते. तेथे चांगले रबरच बरे.

चासी आणि बॉडी यांच्यामधील रबरी गाद्याही पाहाव्यात, कारण त्या बसल्या की बॉडी आणि स्टिअरिंग बॉक्स यांची हालचाल वेगवेगळी होऊ लागते. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीची चासी स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास तडकलेली अथवा गंजलेली नाही ना, याची खात्री हातोडीने ठोकून करावी. नवा रंग येथे फसवतो.

टायर आणि अलाइनमेंट

स्वस्तात सर्वाधिक फरक पडतो तो येथे. कंपनीने दिलेले अलाइनमेंटचे आकडे त्या काळच्या क्रॉसप्लाय टायरांसाठी होते आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग हलके फिरावे हाही त्यामागील हेतू होता. त्यामुळे कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळते त्या आसाचा मागे झुकलेला कोन, फारच कमी ठेवला जाई. सायकलचा पुढचा दांडा तिरपा असल्यानेच ती सरळ धावते. तोच न्याय येथे आहे. रेडियल टायर आणि पॉवर स्टिअरिंग असल्यास हा कोन ३ ते ५ अंशांपर्यंत नेता येतो, कॅम्बर किंचित आत झुकता आणि टो-इन अगदी थोडा. मूळ आर्मवर इतका कॅस्टर मिळत नसेल तर जितका मिळेल तितका घ्यावा, पण दोन्ही बाजूंना सारखा. अलाइनमेंटवाल्याने जुन्या पुस्तकातील आकडे भरण्याचा आग्रह धरला तर त्याला नम्रपणे थांबवावे.

रेडियल आणि क्रॉसप्लाय टायर एकाच गाडीवर मिसळू नयेत. मिरवणुकीपुरत्या बाहेर पडणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते, रबर मात्र वाळलेले असते. टायरच्या कडेवरील चार आकडी खूण आठवडा आणि वर्ष सांगते. ती वाचण्याची सवय ठेवावी.

एवढे झाल्यावर गाडी दोनशे-चारशे किलोमीटर चालवून पाहावी. अनेकांची तक्रार येथेच संपते.

ज्यांची संपत नाही त्यांनी प्रथम उत्तम प्रतीचे गॅसचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घ्यावेत आणि मग अँटी रोल बारकडे वळावे. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २५ मिलिमीटरऐवजी ३० मिलिमीटरचा बार बसविला तर तो केवळ पाचव्या हिश्शाने नव्हे, दुपटीने कडक होतो. वळणावर गाडी कलण्याचे थांबते आणि सरळ रस्त्यावरचा मऊपणा बराचसा शाबूत राहतो. केवळ मागचा बार जाड करण्याच्या फंदात मात्र पडू नये. निसरड्या रस्त्यावर वळताना शेपूट बाहेर फेकली जाते.

स्प्रिंग कापून गाडी बसकी करणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट उपाय. स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती कडक होते हे खरे; पण गाडी खाली बसताच टाय रॉड आणि आर्म यांच्या हालचालींचा मेळ बिघडतो आणि खड्ड्यात गेलेले चाक आपोआप वळू लागते. स्टिअरिंग स्थिर धरले तरी गाडी रस्ता सोडते. गॅसची ज्योत लावून स्प्रिंग बसविणारे तर पोलादाचे पाणीच घालवतात. शिवाय दबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतका जोर असतो. योग्य अवजाराविना ती सोडविण्याचा प्रयत्न घरी करू नये.

स्टिअरिंग बॉक्सचा क्रमांक यानंतरचा. या बॉक्समध्ये मळसूत्र आणि दाते यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरतात. वरच्या बाजूला जुळवणीचा एक स्क्रू असतो आणि प्ले दिसला की तो आवळण्याचा मोह मिस्त्रींना आवरत नाही. झिजलेला बॉक्स जास्त आवळला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, आणि हा दोष मूळच्या ढिलाईपेक्षा वाईट. बॉक्स नीट उघडून दुरुस्त करावा किंवा बदलावा. मूळ पॉवर स्टिअरिंगच्या बॉक्सचे गुणोत्तर १७.५ ला १ होते. जनरल मोटर्सच्याच नंतरच्या स्पोर्ट्स मोटारींत १२.७ ला १ असे बॉक्स आले. त्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे सुमारे चार फेरे तीनच्या आत येतात. मात्र सांधे झिजलेले, कॅस्टर शून्याजवळ आणि बॉक्स जलद, अशा गाडीत साधी शिंकही लेन बदलायला पुरेशी होते. नंतरच्या काळातील बॉक्सच्या तेलनळ्यांचे आटे वेगळे असतात, तेही आधीच तपासावे.

भारतातील मालकांसाठी आणखी दोन बाबी. अमेरिकी कॅटलॉगमधील स्टिअरिंगचे सुटे भाग डावीकडच्या स्टिअरिंगसाठी असतात. उजव्या स्टिअरिंगच्या इम्पालात बॉक्स आणि आयडलर आर्म यांच्या जागा उलट्या असल्याने ते भाग जसेच्या तसे बसतील असे गृहीत धरून पैसे पाठवू नयेत. दुसरी बाब कायद्याची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरबदल केलेली गाडी त्या व्याख्येबाहेर जाते. म्हणून बोल्टने बसेल आणि बोल्टनेच निघेल तेवढेच करावे, चासीला कापू वा वेल्डिंग करू नये, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून जपावा.

काम संपल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. नव्या स्प्रिंग तोवर थोड्या बसलेल्या असतात, त्यामुळे अलाइनमेंटही त्याच वेळी पुन्हा तपासावे.