धरलेले सांधे आणि कोल्हापूरची तालीम

करवीरनगरीचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक अंबाबाईच्या देवालयाकडे, पन्हाळगडाकडे आणि छत्रपतींच्या दप्तराकडे प्रथम वळतो, आणि ते उचितच आहे. परंतु येथील सामान्य माणसाने आपल्या देहाशी पिढ्यान्‌पिढ्या कोणता व्यवहार राखला, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याला पेठेपेठेतील तालमींचे उंबरठे झिजवण्यावाचून गत्यंतर नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, काळा इमाम, बाबूजमाल ही नावे उच्चारली की कोल्हापूरकराच्या मनात एकाच वेळी लाल माती, मारुतीची मूर्ती, गणपती आणि मोहरमचे पंजे उभे राहतात. कारण येथील तालीम हा निव्वळ कुस्तीचा आखाडा कधीच नव्हता, तर ते पेठेचे सार्वजनिक घर होते. या घराचा इतिहास मी येथे आठवतो आहे तो सोरायसिसने ज्यांचे सांधे धरले आहेत, अशा माणसांसाठी. त्यांना वैद्यकशास्त्र आज व्यायामाचा आग्रह करते, आणि आग्रह मान्य असूनही तो रोज पाळणे त्यांना अतिशय कठीण जाते. रोजचा व्यायाम माणसाकडून होतो कशाच्या बळावर, या प्रश्नावर कोल्हापूरइतका दीर्घ अनुभव महाराष्ट्रात क्वचितच दुसऱ्या कोणत्या शहराच्या गाठी असेल.

राजर्षी शाहू छत्रपती १८९४ साली गादीवर आले, तेव्हा मल्लविद्या येथे नवी नव्हती. परंतु दरबाराने तिला जो आश्रय त्यानंतर दिला, त्याने तिचे स्वरूपच पालटले. महाराज स्वतः मातीत उतरलेले होते. मल्लांच्या खुराकाची तजवीज आणि नामांकित पैलवानांच्या नेमणुका या बाबी त्यांनी शौकापुरत्या न ठेवता कारभाराचा भाग मानल्या, आणि आखाड्यात जातिभेदाला थारा मिळू नये याकडे लक्ष पुरवले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त ते विलायतेस गेले असता रोम येथील प्राचीन प्रेक्षागाराचे अवशेष त्यांनी पाहिले, आणि त्या दर्शनातून खासबागेच्या मैदानाची कल्पना उदय पावली. १९१२ साली ते गोलाकार मैदान सिद्ध झाले. मधोमध खोलगट हौद आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्याने हजारो प्रेक्षकांपैकी कोणाच्याही दृष्टीआड कुस्ती होत नाही.

खासबागेचे वैभव पुष्कळांनी वर्णिले आहे. मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्या वैभवामागची पहाटेची मेहनत. व्यायामाला तालमीत ‘मेहनत’ म्हणतात. नवा पोरगा तालमीत आला की त्याला लगेच लढत मिळत नसे. आधी झाडलोट, मग खोऱ्याने हौदा खणणे, मग मोजक्या बैठका, मोजके जोर, आणि ती संख्या कधी वाढवायची याचा निर्णय पोराच्या उत्साहावर न सोपवता वस्तादाच्या नजरेवर सोपवलेला. जोराने छाती आणि खांदे, बैठकीने मांड्या, करेल्याने मनगटे, मल्लखांबाने कंबर, असा देहाचा एकेक भाग क्रमाने तयार होई. माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळली जाई. आणि मेहनत संपली की तेलाने परस्परांची मालिश होई, ज्यात थोर मल्लाचे अंग धाकट्या शागिर्दाने चोळावे आणि त्या निमित्ताने स्नायू कोठे आखडला आहे ते हाताला कळावे, अशी रीत होती. एखादा गडी दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी निरोप जाई. मेहनतीची ही सगळी व्यवस्था अशी रचलेली होती की माणसाच्या त्या दिवशीच्या लहरीला तीत फारसे स्थान उरू नये.

आता रोगाकडे वळू. सोरायसिस असलेल्या माणसाच्या त्वचेवर खवले येतात हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना, बहुधा तीस ते पन्नास या वयात, सांध्यांचाही विकार जडतो हे ज्ञान लोकांत अजून पुरेसे पसरलेले नाही. बोट मुळापासून टोकापर्यंत सुजते, नखांवर खड्डे पडतात, टाच जमिनीला टेकवत नाही, आणि सकाळी उठल्यावर ‘अंग उघडायला’ तासभर लागतो. स्नायूचा कंडरा हाडाला जेथे बिलगतो तेथेच हा दाह अनेकदा मूळ धरतो. फ्रेंच वैद्य आलिबेर यांनी १८१८ साली त्वचारोग आणि सांधेदुखी यांच्या साहचर्याची नोंद केली, १८६० साली बाझें यांनी त्या अवस्थेला नाव दिले, आणि तरीही कित्येक दशके तिला आमवाताचाच एक प्रकार समजण्यात आले. १९७३ साली मोल आणि राइट या ब्रिटिश वैद्यांनी तिची लक्षणे निश्चित करून मांडली, तेव्हा कोठे तिचे स्वतंत्र अस्तित्व दृढ झाले.

दुखणाऱ्या सांध्याला विश्रांती द्यावी, हा विचार या काळात पश्चिमेत प्रबळ होता. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांचा विश्रांती आणि वेदना यांवरील ग्रंथ १८६३ साली निघाला आणि पुढे दीर्घकाळ संधिवाताच्या रोग्यांना आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. आपल्याकडे वाग्भटाने अष्टांगहृदयात वात-पित्ताच्या रोग्याला व्यायाम वर्ज्य सांगितला, आणि निरोगी माणसालाही अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करावा असा दंडक घालून दिला. या दोन वचनांपैकी पहिल्याला आज नव्या अनुभवाने मुरड घालावी लागते; दुसरे मात्र, दाह असलेल्या सांध्याच्या माणसासाठी, मला कोणत्याही आधुनिक सल्ल्याइतके मोलाचे वाटते. कारण या विकारातील सकाळचा ताठरपणा विश्रांतीने वाढतो आणि हालचालीने ओसरतो, असा अनुभव आहे. नॉर्वेमधील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अशा ६७ रोग्यांपैकी काहींना ११ आठवडे मध्ये विसावा घेत तीव्र श्रमाचा व्यायाम दिला गेला; त्यांचा रोग बळावला नाही, उलट थकवा कमी झाला. मात्र नऊ महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा थकव्यातील तो फरक स्पष्टपणे उरला नव्हता. या शेवटच्या गोष्टीकडे मी वारंवार परततो, कारण तिच्यात कोल्हापूरच्या वस्तादांना पूर्वीच उमगलेले एक सत्य दिसते: कोणी तरी वाट पाहत असते तोवर मेहनत होते, आणि वाट पाहणारा दूर झाला की माणूस एकटा पडतो, व एकट्याचा नेम फार दिवस टिकत नाही.

तथापि तालमीला आदर्श मानताना तिच्या उणिवा झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. घासल्या-खरचटल्या जागी सोरायसिसचे नवे चट्टे उठतात, हे जर्मन वैद्य कोब्नर यांनी १८७२ सालीच दाखवले. तेव्हा मातीत अंग रगडणारी कुस्ती ही अशा त्वचेला मानवणारी गोष्ट नाही. सांधा निखळला की वस्ताद किंवा हाडवैद्य तो बसवी, आणि दुखापतीत त्याचे कौशल्य कित्येकदा वाखाणण्यासारखे असे. परंतु दाहाने सुजलेले बोट ओढणे किंवा धरलेली मान झटक्याने मोडणे हा त्याच हाताचा घातक उपयोग होय. आणि सर्वांत मोठी उणीव ही की तालमीचे दार धडधाकट पुरुषापुरतेच उघडे होते. हा विकार स्त्रियांना व पुरुषांना जवळपास सारख्याच प्रमाणात होतो. पेठेतील आखडलेल्या बोटांनी भाकऱ्या थापणाऱ्या बाईसाठी त्या सार्वजनिक घरात शतकभर जागा नव्हती.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दरबारी आश्रयाचा आधार गेला. तालमी मात्र संपल्या नाहीत. श्रीपती खंचनाळे १९५९ साली आणि गणपत आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले ते त्यानंतरच, आणि ज्यांना कुस्ती झेपेना त्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, जे आजही पेठेच्या ईर्षेने खेळतात. संस्थेने मेहनतीचा प्रकार बदलला पण माणसे जमवण्याचे काम सोडले नाही, ही गोष्ट संधिवाताच्या माणसाच्या दृष्टीने मला फार आशादायक वाटते. पहाटे रंकाळा तलावाच्या काठी चालणाऱ्यांच्या टोळ्या पाहाव्यात: कोणी तरी ठरावीक जागी थांबलेले असते, उशीर झाला तर फोन येतो, आणि गुडघा धरलेला माणूस इतरांच्या मागून हळू का होईना, येतो. थंड पहाट ज्यांना सोसत नाही त्यांनी कोमट पाण्याने अंग शेकून, सांधे सैल झाल्यावर, आठ-नऊ वाजता निघावे. सूज चढलेल्या दिवशी त्या सांध्याला भार न देता बाकीचे अंग हलवावे. पोहणे जमत असेल तर भार पाण्यावर सोपवावा. आणि बैठका मारायच्याच तर खुर्चीचा आधार घेऊन, अर्ध्या शक्तीने. औषध चालू ठेवून हे सर्व करावयाचे असते, कारण दाह शमवणे हे व्यायामाच्या आवाक्यातले काम नव्हे. पहिलवानांची मेहनत सकाळी आटोपली की पुष्कळ तालमींची जागा संध्याकाळपर्यंत रिकामी पडलेली असते. मंडळांनी त्या वेळेतला एक तास पेठेतील संधिवाताच्या स्त्री-पुरुषांना द्यावा, आणि त्यांच्या बैठकांची संख्या ठरवायला व गैरहजर राहिलेल्याची चौकशी करायला एखाद्या निवृत्त वस्तादाबरोबर एक भौतिकोपचारतज्ज्ञ नेमावा, अशी माझी तालीम मंडळांना आग्रहाची विनंती आहे.