सिस्टरची ‘मॅडम’ कशी होते? नर्सिंग शाळेत शिकवायचं तर काय लागतं

बारावीचा निकाल लागला की बीड जिल्ह्यातल्या अनेक घरांत एकच हिशोब सुरू होतो. एमबीबीएसचे मार्क नाहीत, इंजिनिअरिंगची फी झेपत नाही, मग पोरीला नर्सिंगला घालू. हल्ली पोरांनाही घालतात. कॉलेज बघायला गेल्यावर इमारत बघतात, फी विचारतात, होस्टेल आहे का, एसटी थांबते का, सगळं विचारतात. “इथं शिकवतं कोण?” हे मात्र फार कमी पालक विचारतात.

खरं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा. आणि ज्या नर्स आज नोकरीत आहेत, ज्यांना ‘आपणही शिकवू शकतो’ असं वाटतं, त्यांच्यासाठीही उत्तर माहीत असणं गरजेचं आहे.

आधी नर्स, मग शिक्षक

नर्सिंगचे मुख्य विषय नर्सनेच शिकवायचे, हा या शिक्षणाचा पाया आहे. शरीररचना, औषधशास्त्र, इंग्रजी यांसाठी बाहेरचे तज्ज्ञ चालतात. पण रुग्णाची काळजी कशी घ्यायची हे शिकवणारी व्यक्ती नोंदणीकृत परिचारिका किंवा परिचारक असावी लागते. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. देशपातळीवर अभ्यासक्रम आणि शिक्षकांचे निकष आजवर भारतीय परिचर्या परिषदेने ठरवले, १९४७ च्या कायद्यानुसार. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा मंजूर केला आहे.

आता शिडी बघू. बारावीनंतर दोन वाटा आहेत. एक जीएनएम, तीन वर्षांची पदविका. दुसरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची पदवी. (एएनएम ही दोन वर्षांची तिसरी वाट आहे, पण तिथून थेट शिक्षक होता येत नाही.) जीएनएम झालेल्यांना पदवी हवी असेल तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं. त्यापुढे एम.एस्सी. नर्सिंग, पुन्हा दोन वर्षं. एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा तर पदवीला किमान ५५ टक्के आणि किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो.

म्हणजे बी.एस्सी.वाल्या मुलीला एम.एस्सी.पर्यंत चार अधिक एक अधिक दोन, अशी सात वर्षं. जीएनएमवालीला तीन, दोन, दोन आणि मधला अनुभव धरून आठ. फरक वाटतो तेवढा मोठा नाही. “मी जीएनएम केलं, आता माझं शिकवण्याचं दार बंद” असं समजून बसलेल्या बऱ्याच सिस्टर आहेत, त्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

नर्सिंग शाळेत ट्युटर म्हणून लागायला एम.एस्सी.च पाहिजे असं नाही. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक आणि त्यासोबत रुग्णालयातला अनुभव असेल तर ट्युटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून सुरुवात होते. सरकारी भाषेत या पदाला ‘पाठ्यनिर्देशिका’ म्हणतात. पदवी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम.एस्सी. आणि शिकवण्याचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. जुन्या पिढीतल्या अनेक सिस्टर ट्युटर मात्र नर्सिंग शिक्षण व प्रशासनाची पदविका, म्हणजे डीएनईए, करून वर्गात आलेल्या आहेत.

या सगळ्याचा इतिहास फार जुना नाही. भारतात नर्सिंगची पदवी १९४६ मध्ये सुरू झाली, दिल्ली आणि वेल्लोरला. एम.एस्सी.च्या दर्जाचं शिक्षण दिल्लीत १९५९ मध्ये आलं. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज १९६४ चं. त्याआधी वॉर्डातली सगळ्यात अनुभवी सिस्टर हीच शिक्षिका असायची.

मग अनुभवी सिस्टर पुरेशी का नाही?

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्स नवशिकीपासून तज्ज्ञ कशी होत जाते याचे पाच टप्पे मांडले. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची. तज्ज्ञ नर्स नियम आठवून काम करत नाही. रुग्णाकडे बघताक्षणी तिला कळतं की काहीतरी बिनसलंय. नेमकं काय बघून कळलं, हे विचारलं तर तिलाही पटकन सांगता येत नाही.

शिक्षकाला तेच सांगता यायला हवं. पंधरा वर्षं सलाईन लावणाऱ्या सिस्टरचा हात आपोआप चालतो. विद्यार्थिनीपुढे तिला तोच हात थांबवून, प्रत्येक पायरी सुटी करून दाखवावी लागते.

एक साधं उदाहरण घेऊ. डॉक्टरांनी ५०० मिलि सलाईन चार तासांत द्यायला सांगितलं. सेट एका मिलिला २० थेंबांचा. मिनिटाला किती थेंब ठेवायचे? ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. उत्तर ४२ च्या आसपास. एखादी मुलगी तासांची मिनिटं करायला विसरते आणि वहीत लिहिते २,५००. दुसरी लहान मुलांचा ६० थेंबांचा सेट धरते आणि लिहिते १२५.

दोघींची उत्तरं चुकली, पण चुका वेगळ्या आहेत. पहिलीला गणिताच्या पायरीची आठवण द्यावी लागते, आणि त्याहून जास्त म्हणजे ‘मिनिटाला अडीच हजार थेंब पडू शकतात का?’ हे स्वतःला विचारायची सवय लावावी लागते. दुसरीला गणित येतं, पण तिने हातातला सेट नीट बघितलेला नाही. फक्त ‘चूक’ म्हणून लाल रेघ मारणारी व्यक्ती दोघींनाही काही शिकवत नाही. आणि यातली दुसरी चूक जास्त धोक्याची, कारण १२५ हा आकडा बघून कुणी दचकत नाही.

शिकवायला शिकवतात म्हणजे काय करतात?

एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी ‘नर्सिंग एज्युकेशन’ हा स्वतंत्र विषय असतो. मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य किंवा सामाजिक आरोग्य, यांपैकी कोणतंही स्पेशलायझेशन घ्या, हा विषय सुटत नाही. बी.एस्सी.च्या २०२१ पासूनच्या सेमिस्टर अभ्यासक्रमातही याची तोंडओळख आहे.

यात पाठ टाचण लिहायला शिकवतात. ‘मुलींना मधुमेह समजेल’ असं उद्दिष्ट चालत नाही. ‘मुलगी इन्सुलिनचं इंजेक्शन योग्य कोनात, योग्य जागी देऊन दाखवेल’ असं लिहावं लागतं, म्हणजे ते झालं की नाही हे तपासता येतं. मग मायक्रोटीचिंग. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात आलेली ही पद्धत बी.एड. झालेल्यांना ओळखीची असेल. पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, समोर आपलेच सहाध्यायी, त्यात एकच कौशल्य सरावायचं, उदाहरणार्थ प्रश्न विचारणं. पाठ संपला की सगळ्यांची टीका ऐकून पुन्हा घ्यायचा. दहा वर्षं आयसीयू सांभाळलेल्या सिस्टरलाही तिथे घाम फुटतो.

परीक्षा घेणं हेही शिकावं लागतं. ‘ओस्की’ नावाच्या पद्धतीत विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात. प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या मिनिटांत एक काम करायचं, परीक्षकाच्या हातात पायऱ्यांची यादी. हात धुतले का, रुग्णाचं नाव विचारलं का, सुई योग्य डब्यात टाकली का. ही यादी बनवायला बसलं की आपण स्वतः रोज काय काय गाळतो हेही कळतं!

खरा वर्ग वॉर्डात

नर्सिंगमध्ये फळा कमी, खाट जास्त. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा असा निकष आहे. चांगली ट्युटर सकाळी मुलींच्या आधी वॉर्डात पोहोचते, शिकवण्याजोगा रुग्ण निवडते आणि त्याची परवानगी घेते. “मावशी, या पोरी शिकायल्यात, दोघी-तिघी आल्या तर चालंल का?” हे विचारणं हादेखील धड्याचाच भाग. मग बाहेर दहा मिनिटं काय बघायचं ते सांगणं, खाटेपाशी करून दाखवणं, मुलींकडून करून घेणं, आणि शेवटी रुग्णापासून दूर नेऊन चुका सांगणं. रुग्णासमोर मुलीला झापणारी ट्युटर एका वेळी दोघींचा विश्वास घालवते.

बीडमध्ये यात आणखी एक गोष्ट येते. पुस्तकं इंग्रजीत, विद्यार्थिनी बहुतेक मराठी माध्यमातल्या आणि रुग्णाची भाषा तिसरीच. बाई सांगते, “अंगावरून जातंय.” ते पांढरं पाणी असेल किंवा रक्तस्राव. पुढचा प्रश्न विचारला नाही तर नोंद चुकते, उपचारही चुकू शकतो. हे कोणत्याही इंग्रजी पुस्तकात नाही, इथल्या ट्युटरलाच सांगावं लागतं.

आणि हे इथे किती महत्त्वाचं आहे ते बीडकरांना वेगळं सांगायला नको. ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीचा त्रास घेऊन आलेल्या बाईचं पहिलं बोलणं बहुतेकदा नर्सशी होतं. त्या नर्सला नीट विचारता येतं का, ‘पिशवी काढल्यावर पुढं काय’ हे समजावता येतं का, हे तिला कुणी शिकवलं यावर ठरतं.

बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, ही जिल्ह्यातली दोन मोठी सरकारी रुग्णालयं. अकरा तालुक्यांतून, सगळ्या थरांतून तिथे रुग्ण येतात, त्यामुळे शिकायला इतकं काही दुसरीकडे क्वचितच मिळेल. जाता जाता, ज्यांच्या नावाने अंबाजोगाईचं महाविद्यालय १९७४ पासून उभं आहे ते स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्याआधी शाळामास्तर होते, हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईलाच.

कागदावरचे शिक्षक

आता थोडं कडू. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली. एकाच शिक्षकाचं नाव अनेक कॉलेजांत दाखवल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या. मे २०२४ मध्ये तर तपास करणाऱ्यांपैकीच काही जणांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली.

असं का होतं? एक कारण पैशाचं. सरकारी अधिपरिचारिकेची सातव्या वेतन आयोगातली श्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. कित्येक खाजगी संस्था ट्युटरला त्याच्या जवळपासही पगार देत नाहीत. मग हुशार एम.एस्सी. मुलगी सरकारी भरती निघाली की जाते, परदेशाचा व्हिसा मिळाला की जाते, आणि तिची खुर्ची तपासणीच्या दिवसापुरती भरली जाते. यात तिला दोष देण्यात अर्थ नाही.

प्रवेश घेणाऱ्यांनी म्हणून एवढं तरी करावं. ट्युटरची नावं आणि त्यांचे परिषदेचे नोंदणी क्रमांक मागावेत. प्रात्यक्षिकासाठी कोणतं रुग्णालय आहे, तिथे मुलींबरोबर कॉलेजची ट्युटर रोज असते की वॉर्डच्या सिस्टरवर सोपवून देतात, हे विचारावं. खरं उत्तर ऑफिसमध्ये मिळणार नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठावं.

आणि ज्या सिस्टरना शिकवायचंय त्यांनी आधी आपल्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते बघावं. अनुभवाचे दाखले नोकरी सोडतानाच घ्यावेत, तारखांसकट. सरकारी सेवेत असाल तर पोस्ट बेसिक किंवा एम.एस्सी.साठी सेवेत राहून जाता येईल का, हे आस्थापना शाखेत लेखी विचारावं. तोवर वॉर्डात आलेल्या एखाद्या मुलीला सलाईनचे ४२ थेंब कसे काढायचे ते समजावून बघा. तीन वेळा सांगूनही तिला कळलं नाही आणि चौथ्यांदा वेगळ्या पद्धतीने सांगायचं तुम्हाला सुचलं, तर अर्ज भरायला हरकत नाही.