गडचिरोलीची पिशवी

नाशिककडच्या सुरगाणा-पेठच्या आशाताईच्या खांद्याला जी पिशवी असते, तिच्यात थर्मामीटर, सेकंद दाखवणारं घड्याळ, बाळाला झोळीत घालून तोलायचा काटा आणि एक ऊबदार दुपटं असतं. मी पेठ तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून लागले आणि निवृत्त झाले ती आशांना शिकवता शिकवता. वर्गात कुणीतरी हमखास विचारायची, की बाई, हे एवढं लोढणं ठरवलं कुणी? मी सांगायचे, गडचिरोलीनं. मग त्या दिवसाचा धडा बाजूलाच राहायचा.

आपली गोदावरी त्र्यंबकला उगवते, रामकुंडावरून पुढे जाते आणि गडचिरोलीत सिरोंच्याजवळ तिला प्राणहिता मिळते. त्याच बाजूने, १९८० च्या सुमारास, आंध्रातून नक्षलवाद्यांची दलमं, म्हणजे बंदूकधारी तुकड्या, आली. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालासुद्धा नव्हता. चंद्रपुरातून तो वेगळा निघाला १९८२ मध्ये. पण दवाखाना बंदुकीच्या आधी पोचला होता. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथलेच होऊन राहिले. भाषा माडिया, म्हणजे मराठी बोलून उपयोग नाही. वीज नाही. पावसाळ्यात नद्या फुगल्या की सगळ्या जगाशी संबंध तुटला. आमच्याकडे भगत, तिकडे पुजारी. डॉक्टरचा नंबर त्याच्या नंतर.

आमटे दलमांच्या आधी येऊन राहिले, याला मी फार महत्त्व देते. ऑक्टोबर २००९ मध्ये याच भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. अशा मुलखात अनोळखी गाडी दिसली की गाव आधी विचार करतं, ही कुणाची? औषधाचा खोका पोलिसाला वाटतो जंगलात चाललाय, आणि जंगलातल्याला वाटतं खोक्यामागे खबऱ्या आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये आयुष्यभर खेड्यात काम केलेले डॉ. बिनायक सेन अशाच संशयावरून २००७ मध्ये अटकेत गेले. २०१० मध्ये त्यांना राजद्रोहाखाली जन्मठेप झाली आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. दूर ब्रह्मदेशाच्या सीमेवर करेन लोकांतल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी १९९८ पासून पाठीवर औषधं बांधून लढाईतल्या गावांत जायला सुरुवात केली. ते त्याच गावांतले, त्याच बोलीचे. बाहेरच्याला जिथे पाय ठेवणं अवघड, तिथे गावातल्याच माणसाला हाताशी धरायची युक्ती आपोआप सुचत असावी.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले १९८६ मध्ये. त्यांची संस्था ‘सर्च’. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. त्याआधी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाचं टार्गेट, एवढंच आम्हाला ठाऊक. टार्गेटसाठी मार्चमध्ये कशी धावपळ व्हायची ते माझ्या पिढीच्या कुठल्याही सिस्टरला विचारा.

आदिवासींना दवाखाना का नको, हे बंगांनी त्यांनाच विचारलं. उत्तर असं, की तुम्ही पांढरे कपडे घालता, आम्ही पांढऱ्यात मढं गुंडाळतो. शिवाय नातेवाईकांना राहायला जागा नाही, आणि आमचा देव तिथे नाही. म्हणून ‘सर्च’च्या वसाहतीतला, शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला आणि नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

माझा जीव मात्र अडकलाय तो मण्यांत. लहान बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वास मोजून कळतं; दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त झाले की धोका. पण गावच्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून ‘सर्च’ने एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेलं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पाच हिरवे संपून लाल मणी सरकला आणि वाळू अजून शिल्लक असली, की औषध सुरू. आमच्या उपकेंद्रात आम्ही तेव्हा नुसतं ‘धाप लागली’ लिहून चिठ्ठी देत होतो नाशिकच्या सिव्हिलला!

१९९५ पासून ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच शिकलेल्या बाईला आरोग्यदूत केलं. तिने घरी जाऊन बाळ तोलायचं, ऊब द्यायची, आणि रक्तातल्या जंतुदोषाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. सुरुवातीला हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं जात होती. तिसऱ्या वर्षी आकडा पंचविशीवर आला. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या ४७ गावांत तो साठीच्या घरातच होता. १९९९ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. मग ‘अंकुर’ नावाने महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी करून पाहिलं, २००५ मध्ये आशा योजना आली आणि २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायचं काम देशभरच्या आशांकडे आलं.

आमच्याकडे दलमं नाहीत. पण नार-पार नद्यांना पूर आला की सुरगाण्याचा पाडाही तुटतो आणि अडलेल्या बाईला डोलीत घालून आणावं लागतं. दिवाळीनंतर अर्धा पाडा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातो, आणि ओली बाळंतीणसुद्धा जाते. म्हणून पिशवी आमच्या कामाची होतीच. फक्त वाटेत तिच्यातली सुई काढून घेतली गेली. गडचिरोलीची आरोग्यदूत जे इंजेक्शन देत होती, ते आशाला द्यायची परवानगी नाही. २०१४ च्या सरकारी सूचनांनी नर्सला दिली, तीही अट घालून, की दवाखान्यात नेणं शक्य नसेल तरच. डॉक्टरमंडळींची भीती मला समजते, मी स्वतः सुई टोचत आले आहे. पण पूर असलेल्या दिवशी नर्स नदीच्या अलीकडे असते आणि बाळ पलीकडे. तिकडे बाळाजवळ असते ती फक्त आशा.

आणि पैसे. २०११ च्या सूचनांप्रमाणे ४२ दिवसांत सहा-सात भेटी, त्यांचे मिळून २५० रुपये. ते एकदम शेवटी, आणि वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी झालेली असेल तर. शिवाय ४२ व्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप असले पाहिजेत. तिसाव्या दिवशी बाळ गेलं, तर तोवरच्या भेटींचे पैसे कुठल्या रकान्यात मागायचे, असं एका आशाताईनं मला भर वर्गात विचारलं. फॉर्म तिच्या हातातच होता.