विरळणी व तळझाडोरा (महाड–पोलादपूर)

दाट वाढलेल्या कोवळ्या रानातील काही झाडे काढून उरलेल्यांना जागा व प्रकाश मिळवून देण्याच्या क्रियेस वनशास्त्रात विरळणी म्हणतात. तिच्यामुळे तळझाडोऱ्यात, म्हणजे झाडांखालील क्षुपे, वेली, गवते व कंदवर्गीय वनस्पती यांत, काळाच्या ओघात पडणारा फरक येथे नोंदवला आहे. या विषयावरील बरेचसे लेखन थंड प्रदेशांतील पाइन, फर अशा सूचिपर्णी रानांचे आहे. सावित्रीच्या खोऱ्यातील महाड व पोलादपूर (जि. रायगड) या तालुक्यांत तशी राने नाहीत. येथील झाडी आर्द्र पानझडी असून ऐन, किंजळ, साग, नाणा, जांभूळ, हिरडा हे तिचे प्रमुख वृक्ष होत. बेतून केलेली विरळणी सागाच्या रोपवनांपुरती. एरवी रान विरळ होते ते राबाच्या छाटणीने आणि खुंट राखून केलेल्या तोडीने.

राब : भाताचे बी पेरण्याच्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा व गवत थराथराने पसरून, वर माती टाकून ते पावसाळ्यापूर्वी भाजतात. फांद्या मुख्यतः ऐन व किंजळ यांच्या, वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीतून किंवा जवळच्या रानातून आणलेल्या. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरमध्ये या शेतीची माहिती आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या जंगलविषयक तक्रारींसाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाने झाड खुरटते असे वनखात्याचे म्हणणे, तर राबाशिवाय रोप धरत नाही असे शेतकऱ्यांचे. वाद झाडाच्या व हक्कांच्या अंगाने झाला. झाडाखालच्या वनस्पतींचा विचार त्यात नव्हता. वास्तविक छाटलेले झाड मरत नाही, फक्त त्याचा पर्णसंभार पावसाळ्याच्या आरंभी तोकडा असतो. त्यामुळे जून-जुलैत जमिनीवर नेहमीपेक्षा जास्त उजेड पडतो, आणि पानझडी रानात तळझाडोऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा उजेड हाच. मार्च ते मे रान तसेही उघडे असते.

तोडीनंतरचा क्रम : पहिल्या पावसात तेरडा, टाकळा, कुर्डू व गवते माजतात. पुढील दोन-तीन वर्षांत धायटी, मुरुडशेंग, कुडा, उक्षी जम बसवतात. रस्त्यालगत व पडीक कडांवर रानमोडी व घाणेरी घुसतात. खुंटांचे फुटवे वर जाऊन छत्र मिळू लागले की गवत हटते. या मधल्या काळात जातींची संख्या वाढलेली दिसते, पण केवळ संख्येवरून विविधता मोजणे फसवे आहे. वाढलेल्या जाती बहुधा कोणत्याही बांधावर आढळणाऱ्या असतात. गेलेल्या जाती गर्द सावलीतल्या असतात आणि त्या सावकाश परततात.

कंदवनस्पती : शेवळा, रानहळद, फोडशी, कळलावी, पेव. यांच्याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. शेवळ्याचा कोंब पहिल्या सरींच्या सुमारास, वरचे छत्र पुरते भरण्याआधी फुलतो व पान मागाहून येते. म्हणून विरळणीशी त्याचे सोयरसुतक कमी. रानहळद मात्र ऐन पावसाळ्यात छत्राखाली वाढते, तेव्हा उजेडातील फरक तिला जाणवतो. कंद जमिनीत खोल असल्याने वणव्यातून वाचतात. रोपे वाचत नाहीत. तोडलेल्या उतारावर वाळके गवत साचते व वणव्याला इंधन मिळते, म्हणून तोडीइतकाच तिच्यामागून येणारा वणवाही निर्णायक ठरतो. तोडीचा फेरा आखूड झाल्यास नुकसान वाढते: फुटव्यांची सावली धरण्याआधीच रान पुन्हा उघडे पडते.

कारवी : पोलादपूरच्या घाट-उतारांवरील प्रमुख क्षुप. दाट बनात इतर रोपांना वाव कमी. साधारण सात-आठ वर्षांनी एकदम फुलते व बी धरून मरते, तेव्हा तळझाडोरा आपोआप विरळ होतो. कुडाच्या भिंतींसाठीही ती तोडतात.

साग रोपवने : रूढ अंतर २ × २ मी., म्हणजे हेक्टरी २,५०० रोपे. पहिली विरळणी सुमारे पाचव्या व दुसरी दहाव्या वर्षी, ठरावीक ओळी काढून; पुढच्या झाड निवडून.

देवराया : तोड न झालेल्या रानाशी तुलना करण्यास उपयुक्त. अंजनी, भेरली माड, गारंबी येथे टिकून आहेत. सावलीतील जातींचे बी आसपासच्या तोडलेल्या रानात येथूनच जाते. अंतर वाढले की ते पोहोचणे अवघड होते.

दरडी : महाड तालुक्यात २००५ व २०२१ मध्ये दरडी कोसळल्या (तळिये, २२ जुलै २०२१). वृक्षतोडीशी त्यांच्या संबंधाबाबत मतभेद आहेत.