पाती लागली म्हणजे बोंड फुटलं नाही



घरातल्या पोरीला पहिली पाळी आली की आपण म्हणतो, "पोरगी शहाणी झाली." अन् चार दिवसांत कुणीतरी विचारतंच, "मग, स्थळ पाहता का?" पाळी आली म्हणजे पोरगी लग्नाजोगी झाली, हा हिशेब फार जुना आहे. तो हिशेब कोर्टात कसा गेला, त्याची गोष्ट आज सांगते.

पूर्वी कितीतरी घरांत मुलीचं लग्न पाळी यायच्या आधीच लावत. मग पाळी आली की गर्भाधानाचा विधी करायचा आणि तिचा संसार सुरू. मुंबईच्या जयंतीबाईंचं असंच लहानपणी लग्न झालं. पंधराव्या वर्षी त्यांना मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. मुलीचं नाव रखमाबाई, जन्म 1864 चा. पुढे जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला.

रखमाबाईंचंही लग्न अकराव्या वर्षी झालं, दादाजी भिकाजींशी. काही महिन्यांतच त्यांना पाळी आली. रीतीप्रमाणे आता गर्भाधान व्हायचं. पण सावत्र वडील डॉक्टर होते. एवढ्या कोवळ्या वयात हे होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. रखमाबाई माहेरीच राहिल्या, घरी वाचत-शिकत मोठ्या झाल्या.

1884 मध्ये दादाजींनी बायकोला नांदायला पाठवा म्हणून दावा लावला. रखमाबाईंचं म्हणणं होतं, हे लग्न मला काही कळत नव्हतं तेव्हा लावलं, ते मला मान्य नाही. 1887 मध्ये कोर्टाने हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्यानंतर रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला अनेक वर्षं बायकांवर उपचार केले.

या खटल्याने देशभर चर्चा पेटली. 1891 मध्ये कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं वय 10 वरून 12 केलं. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय 14 केलं, 1978 मध्ये ते 18 झालं. चौदावरून अठरावर यायला एवढी वर्षं लागली!

आता शरीराचं बघा. आपली कपाशी आठवा. पाती लागली म्हणून कुणी वेचणीला जातं का? फूल यायचं, बोंड धरायचं, ते फुटायचं, तेव्हा कापूस हाती येतो. पोरीचंही तसंच. आधी छाती भरू लागते, उंची झपाट्याने वाढते, काखेत-जांघेत केस येतात. पाळी त्यानंतर येते, आणि पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होऊ शकते. कमरेचं हाड त्यानंतरही वाढत असतं. म्हणून कोवळ्या वयातलं बाळंतपण आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं.

मनही वाढतच असतं. उगाच रडू येणं, लगेच राग येणं, आरशासमोर रेंगाळणं, मैत्रिणीचा शब्द आईच्या शब्दापेक्षा मोठा वाटणं, हे या वयाचं असतं. पोरगी बिघडली असं समजू नका. पोरांचा आवाज फुटतो, मिसरूड येते, तेही आतून असेच गोंधळलेले असतात. त्यांनाही जवळ बसवून सांगा.

जयंतीबाईंना पंधराव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या लेकीसाठी घरातलं एक माणूस "थांबा" म्हणालं, म्हणून ती डॉक्टर झाली. आपल्या गावात कुणी पोरीची शाळा सोडवून लग्नाचं बोलत असेल, तर ते "थांबा" आपल्या बचत गटाने म्हणायचं. ऐकलं नाही तर 1098 वर फोन लावायचा, पैसे पडत नाहीत.

आणि आज रात्री भाकरी थापताना लेकीला जवळ बसवा. तिला काय होतंय, ते विचारा.