अर्धीच संख्या सांगा : एका कापडव्यापाऱ्याने विद्वत्सभेत पत कशी मिळवली?

१/ ऑक्टोबर १६७६. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरातून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक दीर्घ पत्र निघाले. मिरे भिजत घातलेल्या पाण्यात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य सजीव आपण पाहिले, असे त्यात लिहिले होते. लिहिणारा विद्यापीठात शिकलेला नव्हता, त्याला लॅटिन येत नव्हते आणि त्याचा मूळ व्यवसाय कापडविक्रीचा होता. अशा माणसाच्या शब्दावर विद्वानांनी विश्वास का ठेवावा? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. #धागा #इतिहास

२/ आंतॉन व्हान लेव्हेनहूक याचा जन्म १६३२ चा. चित्रकार व्हर्मीरही त्याच वर्षी, त्याच गावी जन्मला. व्हर्मीरच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी १६७६ मध्ये लेव्हेनहूकचीच नेमणूक झाली. म्हणजे स्वतःच्या गावात त्याला मान होता. परंतु हुंडी परगावी वटायची, तर तिथल्या पेढीवर कोणीतरी ओळखीचे लागते. लंडनच्या पेढीवर लेव्हेनहूकचे नाव कोणी ऐकलेले नव्हते.

३/ रॉयल सोसायटीची स्थापना १६६० ची. तिचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याने १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. युरोपभरच्या अभ्यासकांची पत्रे त्याच्याकडे येत, सभेत वाचली जात आणि त्यांतील निवडक छापली जात. कोणाच्याही केवळ शब्दावर विसंबू नये, या अर्थाचे वचन सोसायटीने ब्रीद म्हणून स्वीकारले होते. गंमत अशी की, दूरदेशीहून तिच्यापर्यंत जे पोहोचे, ते बहुधा शब्दच असत. म्हणून शब्द कोणाचा, हा प्रश्न टळत नसे.

४/ लेव्हेनहूकसाठी हे दार डेल्फ्टचा तरुण वैद्य रेनिअर द ग्राफ याने उघडले. शरीरशास्त्रज्ञ म्हणून त्याची ख्याती झालेली होती. एप्रिल १६७३ मध्ये त्याने ओल्डेनबर्गला पत्र लिहून लेव्हेनहूकच्या सूक्ष्मदर्शकांची प्रशंसा केली आणि त्याची काही निरीक्षणे सोबत जोडली. तेव्हा इंग्लंड व नेदरलँड्स यांच्यात युद्ध चालू होते. याआधीच्या डच युद्धात, १६६७ मध्ये, परदेशी पत्रव्यवहारापायी ओल्डेनबर्गला लंडनच्या टॉवरमध्ये कैद भोगावी लागली होती. तरीही त्याने ते पत्र स्वीकारले आणि निरीक्षणे छापली.

५/ द ग्राफ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी मरण पावला. त्याच महिन्यात कवी व मुत्सद्दी कॉन्स्टँटिन हायगेन्स याने रॉबर्ट हूकला लेव्हेनहूकविषयी लिहिले. हा मनुष्य शास्त्रे वा भाषा शिकलेला नाही, परंतु अतिशय जिज्ञासू आणि उद्योगी आहे, असा त्याचा आशय होता. ज्याची भलावण करायची त्याचे उणेही हायगेन्सने लपवले नाही. शिफारशीचे वजन त्यामुळेच वाढले असावे.

६/ खुद्द लेव्हेनहूकही याच सुमारास ओल्डेनबर्गला लिहितो की, आपण आजवर लिहिण्यास कचरत होतो. कारणे तीन : आपल्यापाशी लेखनशैली नाही, आपण भाषा व विद्या यांत नव्हे, तर व्यापारात वाढलो, आणि इतरांनी केलेले खंडन वा टीका आपल्याला सहन होत नाही. नवागताने पहिल्याच पत्रांत आपल्या स्वभावाचा दोष सांगून टाकावा, हे विरळाच. विद्वत्तेचा आव त्याने आणला नाही आणि उसनी भाषाही वापरली नाही. तो अखेरपर्यंत आपल्या साध्या डचमध्येच लिहीत राहिला.

७/ प्रारंभीची त्याची निरीक्षणे लहानसहान होती : बुरशी, मधमाशीची नांगी, ऊ, रक्तातील गोलक. हे सारे इतरांनाही पडताळून पाहता येण्याजोगे होते. १६७४ मध्ये त्याने बुचाचे पातळ काप आणि गाईच्या दृष्टिमज्जेचे काप कागदाच्या पुड्यांत बांधून पत्रासोबत लंडनला धाडले. त्या पुड्या १९८१ मध्ये सोसायटीच्या दप्तरात पुन्हा सापडल्या! आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवा, असे म्हणण्याआधी त्याने इतरांच्या डोळ्यांसाठी सामग्री पुरवली होती.

८/ १६७६ च्या पत्राने मात्र हा विश्वास कसोटीला लावला. पाणी पावसाचे की समुद्राचे, ते कोणत्या दिवशी पाहिले, जीव वाळूच्या कणाच्या तुलनेत केवढे, अशा बारीक नोंदी त्यात होत्या. ओल्डेनबर्गने पत्राचा बराचसा भाग इंग्रजीत उतरवून १६७७ मध्ये छापला. तरी अनेकांना ते खरे वाटेना. पडताळणीचे काम नेहेमाया ग्रूकडे सोपवले गेले, पण त्यात यश आले नाही. भर म्हणजे लेव्हेनहूक आपली निरीक्षणपद्धती उघड करण्यास तयार नव्हता.

९/ टीका सहन होत नाही म्हणणाऱ्या या माणसाने आता काय केले? त्याने वाद घातला नाही. धर्मोपदेशक आणि नोटरी यांच्यासह आठ प्रतिष्ठित गृहस्थांना त्याने ते दृश्य दाखवले आणि त्यांच्या लेखी साक्षी ऑक्टोबर १६७७ मध्ये लंडनला पाठवल्या. भरड धान्याच्या एका बारीक दाण्याएवढ्या पाण्यात कोणी दहा हजार, कोणी तीस हजार, तर कोणी पंचेचाळीस हजार जीव पाहिल्याचे त्यांत नमूद होते. आणि तो स्वतः सांगतो की, जेवढे दिसले असे वाटते त्याच्या निम्मेच लिहावे, अशी विनंती त्याने साक्षीदारांना केली होती. पूर्ण आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला ठाऊक होते.

१०/ निम्मी बाजू सोसायटीने सांभाळली. ओल्डेनबर्ग सप्टेंबर १६७७ मध्ये निवर्तला होता. पडताळणी आता रॉबर्ट हूककडे आली. त्याचे आधीचे प्रयत्न फसले. इथेच थांबून पत्र खोटे ठरवणे सोपे होते. हूकने अधिक चांगली भिंगे आणि अतिशय बारीक काचनळ्या वापरून पुन्हा पाहिले. १५ नोव्हेंबर १६७७ रोजी मिऱ्यांच्या पाण्यातील ते जीव ख्रिस्तोफर रेनसह अनेक सदस्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

११/ त्याच महिन्यात लेव्हेनहूकने सोसायटीच्या अध्यक्षांना शुक्रजंतूंविषयी लिहिले. विषय नाजूक होता. हा मजकूर विद्वानांना किळसवाणा वाटल्यास तो खाजगी समजावा, छापावा की नष्ट करावा हे आपण ठरवावे, असे त्याने कळवले. शोध मोठा असला तरी सभेची मर्यादा त्याने मानली. पत्र पुढे छापले गेले.

१२/ १६८० च्या आरंभी त्याची सोसायटीचा सदस्य म्हणून निवड झाली. सभेला मात्र तो एकदाही गेला नाही. १७२३ मध्ये, नव्वदीत, मृत्यू येईपर्यंत तो पत्रे लिहीत राहिला आणि ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्ये त्याची शंभराहून अधिक पत्रे छापली गेली. एका पत्राने दार उघडले असेल; पत जमली ती पन्नास वर्षांच्या पत्रांनी.

१३/ या कथेला एक उणी बाजू आहे. आपल्या सर्वोत्तम भिंगांची कृती त्याने कोणाला सांगितली नाही. सव्वीस रौप्य सूक्ष्मदर्शक त्याने मृत्युपत्राने सोसायटीला दिले, पण कौशल्य त्याच्याबरोबर गेले. त्याचे जिवाणूंचे काम पुढे नेणारे फार थोडे निघाले. जिवाणू आणि रोग यांचा संबंध सिद्ध होण्यासाठी एकोणिसावे शतक उजाडावे लागले. २०२१ मध्ये संशोधकांनी न्यूट्रॉन किरणांनी त्याचा एक अतिप्रभावी सूक्ष्मदर्शक तपासला. त्यातील भिंग घडवण्याची रीत हूकने १६६५ मध्येच प्रसिद्ध केलेल्या रीतीशी जुळणारी निघाली! ज्याच्या उघड ज्ञानाचा त्याला लाभ झाला असावा, त्याच समुदायापासून त्याने आपली रीत लपवली.

१४/ म्हणून लेव्हेनहूककडून घ्यायचे ते निवडून घ्यावे. पाहिले तेवढेच सांगणे, ते कसे पाहिले याची नोंद ठेवणे, शंका आल्यास साक्षी उभ्या करणे, हे त्याचे गुण. कृती झाकून ठेवणे, ही त्याची उणीव. आणि ज्या सभेत नवा माणूस येतो तिच्यासाठी हूकचा धडा आहे : पहिल्या प्रयत्नात दिसले नाही, म्हणजे ते नाहीच, असे नसते. हूक आणखी एकदा भिंगाला डोळा लावतो, तेव्हा कुठे एका कापडव्यापाऱ्याचा शब्द खरा ठरतो.

१५/ धागा येथे पूर्ण. तपशिलात चूक आढळल्यास अवश्य लिहावे. दुरुस्ती याच धाग्यात, सांगणाऱ्याचा उल्लेख करून जोडली जाईल. 🙏