पहिल्या वर्षाची गळती

गावातला मुलगा बारावी होतो, तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या कॉलेजात नाव घालतो, घरी पेढे वाटले जातात. आणि दिवाळीनंतर तोच मुलगा रानात औताच्या मागे दिसतो. विचारावे तर म्हणतो, "नाही जमलं." काय जमले नाही? आपण समजतो, अभ्यास. वीस वर्षे वर्गावर उभे राहून मला मात्र वेगळेच वाटते, आणि इतिहासाचाही कौल तसाच आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. १८५९ च्या पहिल्या प्रवेश परीक्षेत २०-२२ जण उतरले. १८६२ साली बी. ए. झाले फक्त ४: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. यांपैकी रानडे आणि भांडारकर हे दक्षिणा फेलो होते. पेशवाईत विद्वानांना दक्षिणा वाटत, त्या जुन्या निधीतून शिकता शिकता वेतन मिळण्याची ही सोय. बुद्धी त्यांची स्वतःची, यात वाद नाही. पण महिन्याची काळजी कुणीतरी वाहत होते. ज्याच्यासाठी अशी दक्षिणा नव्हती, त्याने काय करावे?

हा प्रश्न कोल्हापुरात शाहू महाराजांना पडला. राजाराम कॉलेज तिथे होतेच, दार उघडे होते. पण खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या पोराने राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे? सर्वांसाठी म्हणून काढलेले वसतिगृहही ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. तेव्हा महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगे निघाली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहे का, असे आज कुणी विचारील. विचारावे; पण त्या दिवसांत परजातीच्या मुलाला आपल्या पंगतीत घेणारी घरे किती होती, हेही सोबत विचारावे.

त्याच जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक दांडगट मुलगा होता, भाऊराव पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो जाऊन आला. परत आल्यावर आंघोळ करून मगच जेवायला बस, असे त्याला सांगितले. त्याने साफ नकार दिला, आणि बोर्डिंगातून नाव कमी झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

पंगतीतून उठवलेल्या या मुलाने पुढे स्वतःच पंगत मांडली. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ पासून साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका छपराखाली ठेवली. मुलांना दाणे हवेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. शिक्षणाच्या इतिहासात आपण परीक्षा नि पदव्या मोजतो. ज्वारीची पोती कोण मोजतो?

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. कमवा आणि शिका, ही तिथली रीत. मुलांनी शेतात राबावे, माती-दगड वाहावेत आणि मग वर्गात बसावे. यात पैशाइतकेच दुसरेही काही होते. सकाळी ज्याच्या शेजारी कुदळ मारली, तो संध्याकाळी जेवणाच्या ओळीत दिसला नाही, तर शेजाऱ्याच्या ध्यानात येणारच. नव्या मुलाला शहरात पहिले तीन-चार महिने नेमके हेच मिळत नाही: आपण आलो नाही हे कुणाच्या ध्यानात येणे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक वर्ष पुरे करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्राची सोय आहे. चांगले आहे. पण जो गणपतीला म्हणून घरी गेला आणि परतलाच नाही, त्याचे वर्ष कुठे पुरे झाले?

शिक्षकबंधूंनो, तुमच्या शाळेतून यंदा कोण कुठल्या कॉलेजात गेला, हे तुम्हाला ठाऊक असते; आम्हाला त्याचे गावही ठाऊक नसते, हजेरीपटावर नुसता नंबर असतो. भाद्रपद लागण्याआधी एक पोस्टकार्ड टाका, नाहीतर फोन करा. तो जेवतो कुठे, एवढेच विचारा.